फिनिश भाषेत भविष्यकाळच नाही! मग 'उद्या भेटू' कसं म्हणतात?

फिनलंडच्या भाषेबद्दल इंटरनेटवर एक विनोद वर्षानुवर्षं फिरतोय : 'फिनिशमध्ये लिंग नाही आणि भविष्यही नाही.' कुणी त्यावर मीम बनवतं, कुणी रील. खाली कमेंट्समध्ये 'म्हणूनच ही माणसं इतकी निवांत असतात' असं कुणीतरी लिहितंच.

विनोदाचा पहिला भाग शब्दशः खरा आहे. 'तो' आणि 'ती' या दोघांसाठी फिनिशमध्ये एकच शब्द आहे, हॅन. मराठीत आला, आली, आलं असे तीन प्रकार होतात. फिनिशमध्ये तिघांसाठी एकच 'तुलि'.

दुसरा भागही व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे खरा आहे. फिनिश क्रियापदाला भविष्यकाळाचं रूपच नाही. मराठीत जसं जाईन, जाशील, जाईल होतं, तसं तिथे काही होत नाही. पण जवळपास ५६ लाख लोकांचा हा देश ट्रेनची वेळापत्रकं छापतो, कर्जाचे हप्ते ठरवतो, हवामानाचे अंदाज सांगतो. हे सगळं भविष्यकाळाशिवाय कसं चालतं?

उत्तर असं की भविष्यकाळाचं काम दुसऱ्यांनी वाटून घेतलंय. थोडं काम 'उद्या', 'पुढच्या आठवड्यात' अशा वेळेच्या शब्दांनी, थोडं नामाच्या शेवटी लागणाऱ्या प्रत्ययांनी, थोडं 'जेव्हा', 'जर' यांसारख्या जोडशब्दांनी. म्हणून फिनिश शिकताना काळांचे तक्ते पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. वाक्यात आजूबाजूला काय आहे ते वाचता आलं पाहिजे. आणि यातलं बरंचसं मराठी माणसाला आधीच येतं, ही यातली खरी बातमी.

आत्ता हा विषय कुणाच्या कामाचा?

फिनलंडमध्ये नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराच्या निमित्ताने जाणाऱ्या भारतीयांमध्ये मराठी मंडळीही आहेत. आयटी कंपन्यांमध्ये इंग्रजीवर भागतं. पण कायमचं राहायचं ठरलं की भाषेचा प्रश्न समोर येतो. नागरिकत्वासाठी फिनिश किंवा स्वीडिश यांपैकी एक भाषा यावी लागते, आणि ती सिद्ध करायचा नेहमीचा मार्ग म्हणजे 'युकि' ही परीक्षा. तिच्यात सहा पातळ्या असतात आणि नागरिकत्वासाठी तिसरी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अटही पाचवरून आठ वर्षांवर गेली. जानेवारी २०२६ पासून कायमच्या रहिवासी परवान्याच्या नेहमीच्या मार्गावरही भाषेची अट आली आहे.

म्हणजे 'मी पाच वर्षं इथे राहतोय' आणि 'मी पाच वर्षं इथे राहिलो' यांत फरक करता येणं ही आता नुसती हौस राहिलेली नाही.

पुढे जाण्याआधी लिपीबद्दल दोन ओळी. फिनिश शब्द इथे देवनागरीत दिलेत, त्यामुळे उच्चार जवळपासचे आहेत. 'ऽ' दिसला की आधीचा स्वर लांबवायचा. हे लांबवणं तिथे फार गंभीरपणे घेतात. तुलि म्हणजे आग (आणि 'आला'सुद्धा), तूलि म्हणजे वारा आणि तुल्लि म्हणजे कस्टम्स.

काळ चारच

फिनिशमध्ये एक वर्तमानकाळ आहे आणि तीन भूतकाळ. 'बोलणे' या क्रियापदाची 'मी'ची रूपं बघा. पुहुन म्हणजे बोलतो. पुहुइन म्हणजे बोललो. ओलेन पुहुनुत म्हणजे बोललो आहे. ओलिन पुहुनुत म्हणजे बोललो होतो. संपलं.

वर्तमान आणि साधा भूतकाळ यांत फरक फक्त मधल्या एका 'इ'चा आहे. हा 'इ' आला की काही वेळा आधीचा स्वर बदलतो. 'देतो'साठी आन्नान, 'दिलं'साठी आन्नोइन. आणि काही क्रियापदांत तर तो 'इ' मूळच्याच 'इ'त विरघळून जातो. मग 'ओपिन' म्हणजे 'मी शिकतो' आणि 'ओपिन' म्हणजेच 'मी शिकलो'. 'एत्सिन' म्हणजे 'शोधतो' आणि 'शोधलं'सुद्धा. दोन्ही रूपं अक्षर न अक्षर सारखी. ऐकणाऱ्याला कळतं ते शेजारच्या शब्दामुळे : 'न्युत' (आत्ता) असेल तर वर्तमान, 'एइलेन' (काल) असेल तर भूत.

आता भविष्याकडे येऊ. 'मी उद्या ताम्पेरेला जाईन' हे फिनिशमध्ये होतं 'मेनेन हुओमेन्ना ताम्पेरेल्ले'. शब्दशः : 'मी उद्या ताम्पेरेला जातो.'

यात विचित्र वाटण्यासारखं काही आहे का? पुणेकर फोनवर काय म्हणतो? 'मी उद्या सकाळी निघतो, दुपारी पोचतो, संध्याकाळी फोन करतो.' तिन्ही क्रियापदं वर्तमानकाळातली, तिन्ही गोष्टी व्हायच्या बाकी. मराठीची मजल तर याच्याही पुढे जाते. गेटपाशी उभा असलेला मित्र हाक मारतो आणि घरातून उत्तर येतं, 'आलोच!' क्रियापद भूतकाळातलं आणि माणूस अजून शर्टाची बटणं लावतोय. 'तू आलास की जेवू' यातला 'आलास' तरी कुठे आलाय अजून?

म्हणजे व्याकरणातला काळ आणि घड्याळातला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी बोलणारे हे रोज करतात, फक्त शाळेत कुणी तसं सांगितलेलं नसतं. इंग्रजीतलं 'विल'ही क्रियापदाचं रूप नाही, वेगळा मदतनीस शब्द आहे. 'भविष्यकाळ नसलेली भाषा' म्हटलं की जो धक्का बसतो, त्यातला बराचसा शीर्षकाचा असतो.

अस्वल मेलं की वाचलं?

फिनिशची खरी वेगळी गंमत इथून सुरू होते. वाक्यात वेळेचा शब्दच नसेल तर? तेव्हा क्रियापदाकडे बघायचं नाही, कर्माकडे बघायचं.

किर्या म्हणजे पुस्तक. 'लुएन किर्याऽ' म्हणजे मी पुस्तक वाचतोय, चालू आहे. 'लुएन किर्यान' म्हणजे मी पुस्तक वाचून संपवणार. क्रियापद तेच, 'लुएन'. बदललं फक्त पुस्तकाचं टोक. 'न' लागला तर क्रिया पूर्ण, अख्खं पुस्तक. 'आऽ' लागला तर क्रिया अर्धवट, चालू. आणि जी क्रिया पूर्ण व्हायची आहे ती आत्ता या क्षणी पूर्ण झालेली नसते, म्हणून वर्तमानकाळातल्या 'न'वाल्या वाक्याचा अर्थ बहुतेकदा आपोआप भविष्याकडे सरकतो. 'ओस्तान आउतोन' : मी गाडी घेणार आहे.

भूतकाळातही हाच हिशेब चालतो. त्यासाठी वर्गात अस्वलाचं उदाहरण देतात. 'आम्मुइन कार्हुन' म्हणजे गोळी घातली आणि अस्वल मेलं. 'आम्मुइन कार्हुआ' म्हणजे अस्वलावर गोळी झाडली, पुढे काय झालं ते गुलदस्त्यात. एका अक्षराने अस्वलाचा जीव वाचतो.

मराठी हेच काम क्रियापदाला शेपूट लावून करते. 'वाचलं' आणि 'वाचून काढलं', 'लिहितो' आणि 'लिहून टाकतो'. 'टाकतो', 'काढतो' ऐकलं की काम तडीस जाणार हे कळतं. फिनिशने ते शेपूट क्रियापदाऐवजी नामाला लावलं, एवढंच.

वाक्य नकारार्थी असेल तर मात्र कर्माला कायम 'अर्धवट'वालं रूप लागतं. आणि काही क्रियापदांना स्वभावतःच ते लागतं. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे प्रेम. 'राकास्तान सिनुआ', माझं तुझ्यावर प्रेम आहे, यातलं 'तू' हे कायम अर्धवट रूपात. 'फिनिश भाषेत प्रेम कधीच पूर्ण होत नाही' असं म्हणत यावर भावुक पोस्ट पाडता येतील. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की द्वेषाचंही अगदी तसंच आहे. 'विहाऽन सिनुआ', मला तुझा तिरस्कार आहे. तोही पूर्ण होत नाही.

मग भविष्यकाळ आणायचा प्रयत्न कुणी केलाच नाही?

केला, आणि तो भाषांतरकारांनी. फिनलंड १८०९ पर्यंत कित्येक शतकं स्वीडनच्या ताब्यात होता. फिनिश लिहायला सुरुवात झाली ती सोळाव्या शतकात, मिकाएल आग्रिकोला या धर्मगुरूमुळे. त्याने केलेलं बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर १५४८ साली छापलं गेलं. समोरच्या स्वीडिश, जर्मन मजकुरात भविष्यकाळ होता आणि फिनिशमध्ये त्यासाठी खण नव्हता. मग 'पाहिजे' अशा अर्थाचं 'पितॅऽ' हे क्रियापद त्या कामाला जुंपलं गेलं. धार्मिक पुस्तकांत ते राहिलं, बाजारात रुळलं नाही.

दुसरा प्रयोग जास्त टिकला. 'येणे' हे क्रियापद घ्यायचं आणि पुढे दुसरं जोडायचं : 'तुलेन मुइस्तामाऽन', म्हणजे मी लक्षात ठेवीन. यावर भाषाशुद्धीवाले बरीच वर्षं नाराज होते, कारण ही रचना स्वीडिशवरून आल्यासारखी वाटते. आता ती चालते. 'लक्षात ठेवतो' आणि 'लक्षात ठेवीन' यांत गोंधळ होण्यासारखा असेल, तिथे तर ती उपयोगीच आहे. पण नवशिक्यांची सवय अशी की इंग्रजीत 'विल' दिसलं की फिनिशमध्ये 'तुलेन' घालायचं. 'मी उद्या दूध आणीन' याला कुणी 'तुलेन' लावत नाही. लावलं तर दूध आणण्याची भविष्यवाणी केल्यासारखं वाटतं.

'भविष्यकाळ नाही म्हणून बचत जास्त'?

हाही दावा तुमच्या फीडवर कधीतरी येऊन गेला असेल. त्यामागे खरं संशोधन आहे. कीथ चेन या अर्थशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. मांडणी अशी : ज्या भाषा भविष्याला वेगळं रूप देत नाहीत, त्यांच्या भाषकांना उद्याही आजच्याइतकाच जवळचा वाटतो, म्हणून ते पैसे जास्त साठवतात आणि तब्येत जास्त जपतात. फिनिश त्या गटात होतीच. चेन यांचं टेड टॉकही गाजलं.

कमी गाजला तो पुढचा भाग. २०१५ मध्ये शॉन रॉबर्ट्स, जेम्स विंटर्स आणि खुद्द कीथ चेन यांनी मिळून तीच आकडेवारी पुन्हा तपासली. शेजारपाजारच्या आणि एकाच कुळातल्या भाषांची संस्कृतीही एकमेकींसारखी असते, हे हिशेबात धरल्यावर भाषा आणि बचत यांचा संबंध बराच कमकुवत झाला. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाची फेरतपासणी करणाऱ्या निबंधावर सही करणं, याला मोठं मन लागतं. पण त्याची रील बनत नाही.

'राहिलो' आणि 'राहतोय'

परीक्षेत आणि सरकारी कामात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो भूतकाळांचा. समजा, एस्पो शहरात पाच वर्षं राहणारी एक मराठी इंजिनीअर कार्यालयात सांगते, 'आसुइन एस्पोस्सा वीसि वुओत्ता.' ऐकणारा समजतो की बाई पाच वर्षं एस्पोत राहिल्या आणि आता तिथे राहत नाहीत. तिला म्हणायचं होतं, 'ओलेन आसुनुत एस्पोस्सा वीसि वुओत्ता', म्हणजे पाच वर्षं राहतेय आणि अजूनही तिथेच आहे.

मराठीतून विचार केला की इथे घसरायला होतं. मराठीत चालू असलेल्या गोष्टीला आपण 'राहतेय' असं वर्तमानकाळात म्हणतो. फिनिशमध्ये अशा ठिकाणी 'ओलेन'वालं रूप लागतं, जे पुस्तकात भूतकाळाच्या पानावर असतं. इथे इंग्रजी कामाला येते, कारण तिचा हिशेब फिनिशसारखाच आहे.

नकाराच्या बाबतीत मात्र मराठी माणसाची पावलं ओळखीच्या रस्त्यावर पडतात. 'मी येत नाही, तू येत नाहीस, ते येत नाहीत' यात 'येत' तसंच राहतं आणि बदलतं ते 'नाही'. फिनिशमध्ये : एन तुले, एत तुले, एइवॅत तुले. 'तुले' तसंच, बदलतो तो नकार. स्पॅनिश किंवा इंग्रजीकडून येणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो. मराठी माणूस 'बरं' म्हणून पुढे जातो.

'पर्यंत'चा सापळा

आता वेळेचे शब्द. इथे मराठीचा एक शब्द खरोखर महागात पडू शकतो.

'शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत पैसे भरा.' दोन्हीकडे 'पर्यंत'. पण पहिल्यात एक गोष्ट शुक्रवार येईतो चालू राहते, दुसऱ्यात शुक्रवारच्या आत कधीतरी एकदा करायची असते. मराठीत संदर्भावरून कळतं. फिनिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. 'पेर्यान्ताइहिन आस्ति' म्हणजे शुक्रवार येईतो चालू. 'पेर्यान्ताइहिन मेन्नेस्सॅ' म्हणजे शुक्रवारच्या आत. पत्रावर '३१.८. आस्ति' असेल तर परवाना ३१ ऑगस्टपर्यंत चालेल. '३१.८. मेन्नेस्सॅ' असेल तर त्या तारखेच्या आत कागदपत्रं पोचली पाहिजेत. पत्र वाचताना आधी हा शब्द शोधावा, बाकीचं नंतर.

बाकी वेळेच्या प्रत्ययांबद्दल इंग्रजी पुस्तकं उगाच घाबरवतात. म्हणे प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रत्यय. सोमवारी : माऽनान्ताइना. जानेवारीत : ताम्मिकूस्सा. उन्हाळ्यात : केसॅल्लॅ. २०२६ साली : वुओन्ना २०२६. पण मराठी तरी काय करते? सोमवार-ई, जानेवारी-त, २०२६ साली. 'सोमवारात' असं कुणी म्हणत नाही, आणि का, ते कुणी विचारत नाही. दर सोमवारी म्हणायचं असेल तर फिनिशमध्ये प्रत्यय बदलतो : माऽनान्ताइसिन. शाखेच्या दारावरच्या पाटीवर 'ना' आहे की 'सिन' आहे, यावर तुमचा हेलपाटा अवलंबून.

'आठवडा' या एका शब्दाचे प्रकार बघितले तर दोन भाषा शेजारी बसून शिकल्यासारख्या वाटतात. वीकोन : आठवडाभर. वीकोक्सि : आठवड्यासाठी. वीकोस्सा : आठवड्यात (काम पूर्ण झालं). वीकोन पॅऽस्तॅ : आठवड्याने. वीक्को सित्तेन : आठवड्यापूर्वी. 'भारतात आठवडाभर होतो' याला वीकोन आणि 'भारतात आठवड्यासाठी जातोय' याला वीकोक्सि. इमिग्रेशनच्या खिडकीवर नेमकं हेच विचारतात.

एक ठिकाण असं की जिथे फिनिश जास्त नेमकी आहे. 'परवा भेटलो' आणि 'परवा भेटू', मराठीत दोन्हीकडे 'परवा'. फिनिशमध्ये मागचा परवा 'तोइस्सापॅइवॅनॅ' आणि पुढचा 'युलिहुओमेन्ना', शब्दशः 'उद्याच्या पलीकडे'. क्रियापदाला भविष्यकाळ नाही म्हटल्यावर ही सोय हवीच होती. दोन्हीकडे एकच 'परवा' असता आणि क्रियापद 'ओपिन'सारखं असतं, तर भेट मागे झाली की पुढे व्हायची ते देवालाच ठाऊक.

आणि घड्याळ. 'पुओलि काह्देक्सान' याचा शब्दशः अर्थ 'अर्धा आठ'. वाजले किती? साडेआठ नव्हे, साडेसात. आठव्या तासातला अर्धा भाग झाला, असा तो हिशेब. ब्रिटिश इंग्रजीत 'हाफ एट' म्हणजे साडेआठ, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारे बरोबर एक तास उशिरा पोचतात.

मराठी माणसाला हा हिशेब परका वाटायचं कारण नाही. 'अडीच' हा शब्द संस्कृतमधल्या 'अर्धतृतीय'वरून आलाय, म्हणजे 'तिसरा अर्धा'. दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. 'दीड'मागे 'द्व्यर्ध' आहे, दुसरा अर्धा. फिनिशमध्ये दीडला म्हणतात 'पुओलितोइस्ता', म्हणजे 'दुसऱ्यातला अर्धा'. एकमेकींशी काही नातं नसलेल्या दोन भाषा दीडपर्यंत एकाच वाटेने पोचल्या.

'चहा घेणार की कॉफी?'

शेवटी जोडशब्द, ज्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

इंग्रजीच्या 'ऑर'साठी फिनिशमध्ये दोन शब्द आहेत, ताइ आणि वाइ. इंग्रजीतून शिकणारे यावर महिना घालवतात. मराठीतून एक मिनिट पुरतं. 'चहा किंवा कॉफी काही घेणार का?' यातला 'किंवा' म्हणजे ताइ, उत्तर हो किंवा नाही. 'चहा घेणार की कॉफी?' यातला 'की' म्हणजे वाइ, उत्तर दोघांपैकी एक. 'ओतात्को काहविआ वाइ तेऽतॅ?' असं विचारल्यावर नुसतं 'हो' म्हटलं तर मराठी यजमानाचा जसा चेहरा होईल तसाच फिनिश यजमानाचा होतो.

'पण'चंही तसंच. साधा 'पण' म्हणजे मुत्ता. 'कॉफी नाही, तर चहा' यातला 'तर' म्हणजे वाऽन : 'एइ काहविआ वाऽन तेऽतॅ.' आधी नकार आणि मग दुरुस्ती असेल तर वाऽन. मराठीने 'पण' आणि 'तर' वेगळे ठेवलेत, ती सवय तशीच वापरायची.

'जेव्हा' आणि 'जर' म्हणजे कुन आणि योस. 'तू येशील तेव्हा आपण जेवू' हे होतं 'कुन तुलेत, स्युओम्मे', दोन्ही क्रियापदं वर्तमानकाळात. भविष्य कळतं ते 'कुन'मुळे आणि प्रसंगामुळे. मराठीत जेव्हाला तेव्हा आणि जरला तर अशी जोडी लागते. फिनिशमध्ये जोडीतला दुसरा शब्द बहुतेकदा नसतो, तिथे नुसता स्वल्पविराम पुरतो.

फसवा शब्द म्हणजे कोस्का. वाक्याच्या मध्ये आला तर 'कारण'. प्रश्नाच्या सुरुवातीला आला तर 'कधी'. 'कोस्का तुलेत?' म्हणजे 'कधी येतोस?', 'कारण येतोस' नव्हे. वाइक्का हाही तसाच. 'जरी' हा त्याचा अर्थ, पण 'वाइक्का हुओमेन्ना' म्हणजे 'समजा उद्या, चालेल का?'

आणि जोडशब्दाला नकार चिकटला की नवाच शब्द तयार होतो. 'आणि नाही'साठी 'आणि' वापरतच नाहीत. 'मी कॉफी पीत नाही आणि चहाही नाही' हे होतं 'एन युओ काहविआ एंकॅ तेऽतॅ'. त्या 'एंकॅ'मध्ये मी, आणि, नाही हे तिन्ही आले. तो किंवा ती असेल तर 'एइकॅ'. 'की नाही' याचंही असंच 'एत्तेइ' होतं. शब्दकोशात हे रूप लगेच सापडत नाही आणि सरकारी पत्रात मात्र हटकून असतं. नजरचुकीने सुटलं तर वाक्याचा अर्थ उलटा.

एवढं सगळं शिकून हेलसिंकीच्या ट्राममध्ये चढल्यावर आणखी एक गोष्ट कळते. तिथे असं कुणी बोलत नाही. 'मिनॅ ओलेन आसुनुत'चं झालेलं असतं 'मॅ ओन आसुनु'. मुत्ताचं मुत, कुनचं कु. 'पेक्षा' या अर्थाचा कुइन असतो, त्याचंही कुच. 'की' या अर्थाचं एत्तॅ आखडून 'एत' होतं, आणि 'तू नाहीस'साठीही शब्द 'एत'च. 'उद्या भेटू'साठी 'नॅह्दॅऽन हुओमेन्ना' म्हणतात. त्यातलं क्रियापद पुस्तकात कर्मणी प्रयोगाच्या प्रकरणात दिलेलं असतं, पण रस्त्यावर ते सर्रास 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यासाठी वापरतात. काळ अर्थातच वर्तमान.